तारेवरची हजेरी

सकाळी सातला डीपीखाली हजेरी सुरू झाली आणि सात वाजून सहा मिनिटांनी संपली. अडतीसपैकी एकवीस.

मिस्त्रीच्या लेकीनं हातातलं यंत्र एकदा झटकलं, परत पाहिलं. एकवीसच. कुंपणापलीकडे बांधावर पाच-सहा माणसं उकिडवी बसली होती, ती उठून उभी राहिली. माणसं ज्या तऱ्हेनं उठली त्यावरूनच मिस्त्रीला कळलं, की आज पुन्हा आपल्या लेकीला बोलणी बसणार.

ही हजेरी माणसांची नव्हे, पेट्यांची. गावात अडतीस विहिरी, आणि प्रत्येक विहिरीवर पंपाशेजारी वीज कंपनीनं बसवलेली एकेक करडी पेटी. गावाला वीज वाटणाऱ्या त्या डीपीच्या खांबावर त्यांची थोरली. थोरलीनं रोज सकाळी विजेच्या तारेतूनच एकेकीला हाक मारायची, धाकटीनं तारेतूनच ओ द्यायची. जिची ओ पोचली तिच्या पंपाला दिवसाउजेडी दोन तासांची पाळी लागायची. जिची पोचली नाही तिचा पंप त्या दिवशी मुका. वेगळी वायर ओढायची गरज नाही, मोबाइलचा टॉवर नको. टॉवर तसाही टेकडीपलीकडे होता आणि त्याचा उपयोग टेकडीपलीकडच्यांनाच व्हायचा.

"आमची?" पुढच्या माणसानं विचारलं.

"नाही आली, काका."

"काल नाही, आज नाही. माझ्या पिकानं काय उपास धरलाय?"

"पेटी ओ देते हो. मधे तारेत खरखर आहे, म्हणून थोरलीला ऐकू येत नाही."

"मग तिचे कान कोरा की!"

मागचे हसले. लेकीला हसू आलं नाही. तीन महिन्यांच्या बोलीवर कंपनीनं तिला पेट्यांची राखण दिली होती. शहरात राहून ती हेच शिकून आली होती आणि घरोघरी जाऊन 'दिवसाचं पाणी मिळेल' असं तिनंच सांगितलं होतं. पहिला दीड महिना मिळालंही. मग पाऊस लांबला, पीक फुलोऱ्यात आलं, त्यावर अळी पडली, आणि नेमकी त्याच पंधरवड्यात पेट्यांची वाचा बसायला लागली.

दहाच्या सुमाराला कंपनीचे साहेब मोटरसायकलवरून आले. वयानं लेकीएवढेच, पण साहेब. त्यांनी तारेला एक चिमटा लावला आणि हातातल्या पडद्यावर उठलेलं रेघांचं रान सगळ्यांना दाखवलं.

"ही सगळी घाण गावातूनच येतेय. कुणाची तरी यंत्रं तारेत खरखर सोडताहेत. एखादं नाही, बरीच असावीत. त्यात पेटीचा आवाज बुडतो."

"कुणाची?" लेकीनं विचारलं.

"ते शोधायचं काम तुमचं, ताई. हे यंत्र मला दुपारी दुसऱ्या गावाला न्यायचंय." साहेबांनी चिमटा काढला. "पुढच्या सोमवारी सकाळी मी येतो. अडतीसच्या अडतीस बोलल्या पाहिजेत. एक जरी गप्प राहिली तर मला 'अयोग्य' लिहावं लागेल. मग पेट्या काढून पुढच्या गावाला. तुमचं पाणी पूर्ववत."

"पूर्ववत म्हणजे रात्री," मिस्त्रीण म्हणाली. ती चहाची किटली घेऊन आली होती आणि तिनं कप साहेबांच्या हातात जरा जोरातच दिला.

रात्रीच्या पाण्याबद्दल बोलायचा अधिकार तिच्याइतका कुणालाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी रात्रीची पाळी आली, मिस्त्री तापानं पडला होता, म्हणून ती गेली आणि पाटात घसरली. बॅटरी एकीकडे, फावडं एकीकडे, ती एकीकडे. उजाडेपर्यंत गुडघा धरून चिखलात बसून राहिली. डॉक्टरांनी गुडघ्यात दोन स्क्रू घातले. मिस्त्रीचा सगळा जन्म स्क्रू फिरवण्यात गेला, पण त्या दोन स्क्रूंचं त्याला काही करता आलं नाही. तेव्हापासून ती पाय ओढत चालायची, आणि सकाळी तासभर शेकल्याशिवाय गुडघा वाकतच नसे.

साहेब गेले आणि गावाला लगेच उत्तर सापडलं. गिरणी!

गिरणी सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी, आणि तिचा आवाज तर बहिऱ्यालाही ऐकू यावा असा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. गिरणीवाली एकटी बाई, तोंडानं फटकळ, त्यामुळे तिची बाजू घ्यायला कुणी पुढे येण्यासारखं नव्हतं. लोकांनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, "मोटार जुनी आहे. आत ठिणग्या पडत असतील." त्याला तसं वाटलं म्हणून तो बोलला, पण मिस्त्री बोलला म्हटल्यावर ते पक्कं झालं.

मंगळवारी गिरणी बंद राहिली. डोक्यावर दळणाची पोती घेऊन आलेल्या बाया दारातून परत गेल्या. गिरणीवाली पायरीवर बसून होती. भुवयांवर पीठ, हात मांडीवर.

बुधवारी सकाळी हजेरी लागली, एकोणीस.

"दोन कमीच झाल्या ना गं?" डीपीपाशी येऊन गिरणीवालीनं लेकीला विचारलं, पण बघत होती मिस्त्रीकडे. "चोर सोडून संन्याशाला फाशी. माझी गिरणी ओरडते, म्हणून तीच वाईट. गुपचूप करणाऱ्याला कोण विचारतंय!"

मिस्त्रीनं मान खाली घातली. लेक म्हणाली, "मावशी, चुकलं." मिस्त्री तसं म्हणाला नाही.

त्याच दुपारी त्यानं दुकानातल्या फळीवरून जुना ट्रान्झिस्टर खाली काढला, धूळ पुसली, नवे सेल घातले.

"साहेबांचं यंत्र गेलं तर गेलं," तो लेकीला म्हणाला. "हे बघ. काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवायचा, जिथं काहीच लागत नाही तिथं. आता ऐक." रेडिओतून बारीक सूं सूं येत होती. तो वायरीखालून चार पावलं चालला आणि सूं सूंची करकर झाली. "कळलं? जिकडे करकर वाढेल तिकडे चोर."

लेक खूश झाली. "बाबा, हे आम्हाला शिकवलंच नाही कुणी!"

"पुस्तकात नसतं ते," मिस्त्री म्हणाला. त्या आठवड्यातला त्याचा सुखाचा क्षण तेवढाच.

दोघं निघाले. पुढे मिस्त्री, रेडिओ कानाशी, मागे लेक, हातात वही. ऊन टाळूवर आलं होतं. गल्ल्यांतून कुत्री उठून बघत होती. दूध संकलन करणाऱ्याच्या घरापाशी रेडिओ एकदम कोकलायला लागला. दार उघडंच होतं. भिंतीशी पाठीवरचा फवारणी पंप उभा होता आणि त्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. अळी पडल्यापासून घरोघरी हेच चाललं होतं. दिवसभर फवारायचं आणि घरी येऊन पंप चार्जिंगला लावायचा, तो सकाळी हजेरीच्या वेळी तसाच लावलेला असायचा.

लेकीनं चार्जरची पिन काढली. रेडिओ गप्प. पिन लावली. रेडिओ ओरडला.

"सापडला!" तिनं टाळीच वाजवली.

मिस्त्रीनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. दोन स्क्रू, वरचं झाकण, की आतली पट्टी उघडी. वीज जिथून आत शिरते तिथं अंगठ्याएवढं काळं कडं हवं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. त्याला चोक म्हणतात. शेजारी एक चौकोनी पिवळा कंडेन्सर हवा. दोन्ही नव्हतं. दोन्हींच्या जागी लाल वायरीचा एक तुकडा होता, नीट काटकोनात वाकवलेला, टोकांना कथलाची गोल, चकचकीत झाळ.

स्वतःचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही? मिस्त्रीला ते आलं.

गावात वीज कधी अर्धी यायची, कधी दीडपट. दीडपट आली की चार्जरात पहिला जळायचा तो हाच भाग. लोक मिस्त्रीकडे यायचे. मिस्त्री जळका कंडेन्सर खुडायचा, चोकही काढून टाकायचा आणि लाल वायरीनं सरळ जोडून द्यायचा. "डायरेक्ट करून टाकलंय," असं म्हणायचा. चार्जर चालायचा. चोकाशिवाय चार्जर चालतो, तर चोक हवा कशाला, असा त्याचा हिशेब होता आणि पंधरा वर्षांत तो कधी चुकला नव्हता. गावानं त्याला नावच 'डायरेक्ट मिस्त्री' ठेवलं होतं. आता तो चोक कशाला असतो ते रेडिओ त्याला सांगत होता. आतली खरखर बाहेर तारेत जाऊ नये म्हणून ते कडं दाराशी राखणीला बसवलेलं असतं, आणि त्यानं घरोघरचा राखणदार काढून टाकला होता.

त्यानं झाकण लावलं. दोन्ही स्क्रू घट्ट पिळले.

"काय होतं?" लेकीनं विचारलं.

"हलका माल," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या घरी तेच. तिथला म्हातारा तर चार्जर छातीशी धरून म्हणाला, "मिस्त्री, हा तुम्हीच केलेला! तीन वर्षं झाली, हूं की चूं नाही!" मिस्त्रीनं पिन काढून घेतली आणि तो बाहेर आला.

तिसऱ्या घरी लेक म्हणाली, "उघडा ना बाबा."

"उघडून काय करायचंय? सगळे एकसारखेच असतात."

लेकीनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग वहीत घराचं नाव लिहिलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पाय सुजले, सेल दोनदा बदलले. मिस्त्रीनं एकही झाकण उघडलं नाही, लेकीलाही उघडू दिलं नाही. खाई त्याला खवखवे. कुणी पाणी पुढे केलं तरी त्याला वाटे, आता विचारणार. शुक्रवारी दुपारी वहीत बावीस घरं झाली. बहुतेक ठिकाणी चार्जर, एका घरी इन्व्हर्टर, एका ठिकाणी अंडी उबवायची पेटी, दूध संकलनातला वजनकाटा. सगळी यंत्रं गरीब, आवाज न करणारी. नुसती सकाळी बंद ठेवूनही भागणार नव्हतं, कारण पाळी सुरू करायचा आणि थांबवायचा हुकूम दिवसभर तारेतूनच जायचा.

संध्याकाळी घरी येताना त्यानं नेहमीप्रमाणे उंबऱ्यापाशी रेडिओ बंद केला. मिस्त्रीणीला खरखर सहन होत नसे. ती अंगणात खुराड्यावर जाळी ओढत होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून जाळीच्या कडेनं तिनं काळी कडी ओवली होती, तांब्याची तार गुंडाळलेली. मिस्त्रीला काही टाकवत नसे, काढलेले चोक तो डब्यात ठेवायचा. डबा भरला तेव्हा तिनं त्यांचा हा उपयोग काढला होता.

मिस्त्री उभ्या उभ्या मोजायला लागला.

"मोजू नका. बावीस आहेत," मिस्त्रीण म्हणाली. "मीच ओवलेत."

तो पायरीवर बसला.

"लेकीनं सकाळी विचारलं मला, आई, हे जाळीला काय लावलंयस. म्हटलं, बापाला विचार."

"मला नाही विचारलं तिनं."

"नाही ना? मग ती कशाची वाट बघतेय ते तुम्हीच ओळखा." तिनं गुडघ्यावर हात ठेवून पाठ सरळ केली. "येत्या सोमवारी पेट्या गेल्या तर पाण्याला रात्री कोण जाणार, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा. मला जमायचं नाही."

मिस्त्रीला भीती वाटत होती. जमीन तुटपुंजी, दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. गावात त्यानं नाव तेवढं कमावलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी दोनदा म्हणाला आणि तरीही त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी दूध संकलनाच्या शेडमध्ये गाव जमलं. लेकीनं वही उघडून बावीस घरं वाचली आणि सांगितलं, की एवढी यंत्रं तारेवरून काढावी लागतील, त्याशिवाय सोमवारी निभाव नाही. शेडमध्ये जो गलका झाला त्यात काही ऐकू येईना.

"काढा म्हणजे? आणि फवारायचं कशानं, तोंडानं?"

"पोरीला काही कळत नाही. चार बुकं शिकली आणि आम्हाला नाचवायला लागली!"

"आधी गिरणी, आता आम्ही. उद्या म्हणेल म्हशी रवंथ करतात त्यानं खरखर होते."

लेकीचे कान लाल झाले होते, पण ती वही घट्ट धरून उभी राहिली. मागच्या खांबाला टेकून गिरणीवाली बघत होती.

मग दुसऱ्या घरचा तो म्हातारा उठला. चार्जर त्यानं बरोबरच आणला होता. "थांबा, थांबा. मिस्त्रींनाच विचारू. मिस्त्री, हा तुमच्या हाताखालून गेलेला. तुमच्या हातचा माल खराब असेल का? तुम्हीच सांगा पोरीला."

सगळे मिस्त्रीकडे वळले. 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मानसुद्धा नुसती हलवली असती तरी चाललं असतं. लेक खाली वहीत बघत होती.

मिस्त्रीनं चार्जर हातात घेतला, दुधाच्या कॅनवर ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. दुसरा स्क्रू हातातून निसटून खाली पडला, तो शोधायला कुणी वाकलं नाही. झाकण निघालं.

"ही लाल वायर दिसते?" तो म्हणाला. "ही माझी. इथं कंपनीचा चोक होता. मी काढला. बावीसही घरांत मीच काढलाय. चार्जर चालतो, पण त्याची सगळी खरखर तारेत जाते. पोरीचं बरोबर आहे. खराब माल माझ्या हातचा आहे."

कोपऱ्यातला शीतपेटीचा पंखा तेवढा घरघरत होता.

"आणि बुधवारी कळलं होतं मला," मिस्त्री म्हणाला. ते सांगायला त्याला सगळ्यात जड गेलं. मग तो खांबाकडे वळला. "वहिनी, गिरणी बंद करायला लोकांना माझ्या बोलण्यानं जोर आला. चुकलं माझं."

गिरणीवालीनं पदरानं कपाळ पुसलं. "एक दिवस गेला तो गेला. पण आता महिनाभर तुमच्या घरचं दळण सगळ्यांच्या शेवटी लागेल. सांगून ठेवते."

कुणीतरी हसलं. म्हातारा मात्र हसला नाही. तो उघड्या चार्जरकडे बघत होता आणि मग म्हणाला, "मी तर तुमच्या भरवशावर भांडत होतो हो, मिस्त्री." मिस्त्री खाली पडलेला स्क्रू शोधायला वाकला.

घरी जाताना लेकीनं वही त्याच्या हातात दिली. पानावर तीन रकाने होते. घर, यंत्र, कारण. पहिले दोन भरलेले. तिसरा वरपासून खालपर्यंत कोरा.

"मलाही बुधवारीच कळलं," ती म्हणाली. "पहिलं झाकण तुम्ही उघडलंत तेव्हा मी मागेच होते. ते लाल वायरीचं भेंडोळं मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय, बाबा."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुमचं होतं ते." तिनं पेन्सिल पुढे केली.

मिस्त्रीनं टपरीच्या फळीवर वही ठेवली आणि बावीस वेळा लिहिलं, 'मी चोक काढला.' बाराव्या ओळीपासून अक्षर वाकडं झालं, पण त्यानं 'वरच्यासारखंच' अशा खुणा करून भागवलं नाही.

रविवारी पहाटेच निघून लेक शहरातून पिवळे कंडेन्सर घेऊन आली. मिस्त्रीणीनं जाळीचे चोक सोडवून डब्यात घालून दिले. जाळीचं वजन गेलं, ती वाऱ्यानं उलटली आणि कोंबड्या शेजाऱ्याच्या भाजीत शिरल्या. तो तंटा मिस्त्रीण एकटी निस्तरत बसली. मिस्त्रीनं मान वर केली नाही. लाल वायर कापायची, जुनी झाळ ओढून घ्यायची, कड्याचे चार पाय बसवायचे, नवी झाळ द्यायची. धुरानं डोळ्यांतून पाणी गळत होतं. एरवी लोक यंत्र टाकून आपापल्या कामाला जात. त्या दिवशी कुणी गेलं नाही. प्रत्येक जण डोक्याशी उभा राहिला आणि टक लावून बघत राहिला.

"या वेळी डायरेक्ट नको हं," एकानं सांगितलं.

"नाही करत," मिस्त्री म्हणाला. हे त्याला दिवसभरात सहा-सात वेळा म्हणावं लागलं. म्हातारा स्वतः आला नाही, त्यानं नातीबरोबर चार्जर पाठवला. दिवस मावळला तेव्हा डबा रिकामा झाला होता. बावीस काढले होते, बावीस बसले. हिशेब जुळला म्हणून मिस्त्रीनं हात धुतले.

सोमवारी साहेब पावणेसातलाच आले. अर्धं गाव डीपीभोवती होतं. सातला हाक सुरू झाली. लेक एकेक आकडा मोठ्यानं बोलत होती. तिसाच्या पुढे गेल्यावर माणसांनी श्वास घेणं थांबवलं. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

मग यंत्र थांबलं.

"कुणाची राहिली?" साहेबांनी विचारलं.

लेकीनं पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आमची," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही, पण गिरणीवालीला राहवलं नाही. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो मिस्त्री, स्वतःच्या घरात फिरवलात का तो रेडिओ?"

नव्हता फिरवला. रोज उंबऱ्यापाशी तो बंद व्हायचा.

"अर्ध्या तासानं पुन्हा एकदा घेतो," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "मग मी निघणार."

मिस्त्री पळाला. पन्नाशी उलटलेला माणूस, एका हातात रेडिओ, एका हातानं चप्पल सावरत. अंगणात रेडिओ कुरकुरायला लागला, उंबऱ्यात ओरडला आणि आतल्या खोलीत तर त्यानं कानठळ्या बसवल्या. मिस्त्रीण खाटेवर पाय लांब करून बसली होती; फवारणीची घाई सुरू झाल्यापासून ती नेमकी सातच्या सुमाराला शेकायची. गुडघ्यावर शेकायची गादी, गादीची वायर भिंतीतल्या पिनेत, मधे जुन्या पंख्याचं रेग्युलेटर. त्यानंच बनवून दिलेली. ती दवाखान्यातून आली त्या आठवड्यात, रात्रंदिवस बसून. हिच्यातला चोक त्यानं काढला नव्हता. घातलाच नव्हता. म्हणून तो बाविसांत आला नाही आणि हिशेब जुळला.

मिस्त्री दम खात उभा राहिला.

तिनं रेडिओकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग गुडघ्यावरच्या गादीकडे. आणि हात लांब करून पिन ओढली. रेडिओ गप्प झाला.

"जा," ती म्हणाली. "बघताय काय?"

साडेसातला पुन्हा हाक झाली. या वेळी लेक आकडे बोलली नाही, नुसती यंत्राकडे बघत राहिली. शेवटी तिनं यंत्र साहेबांसमोर धरलं. अडतीस. बांधावरून कुणीतरी शिट्टी मारली. म्हाताऱ्यानं पुढे येऊन मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"वही बघू," साहेब म्हणाले. "अहवालाला जोडावी लागेल. हे शेवटचं पण लिहा."

लेकीनं तेविसावी ओळ लिहिली. घर, मिस्त्रीचं. यंत्र, शेकायची गादी. आणि वही बापाकडे दिली. मिस्त्रीनं पेन्सिल घेतली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पाय दुखतो.'

साहेबांनी वाचलं. "हे काय कारण झालं? हे तांत्रिक नाही."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "पण तेच कारण आहे, साहेब. रात्रीच्या पाण्यानं गेलेला पाय आहे तो."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी अहवालावर 'योग्य' असं लिहून सही केली. तेविसावी ओळ त्यांनी खोडली नाही.

"गादीसाठी चोक मी आणते उद्या," लेक बापाला हळूच म्हणाली. तेवढ्यात डीपीवरून पहिल्या पाळीचा हुकूम सुटला आणि आठ विहिरींवरचे पंप एकापाठोपाठ एक सुरू झाले. त्यात त्यांचाही होता.

मिस्त्री शेतावर पोचला तेव्हा मिस्त्रीण त्याच्या आधीच बांधावर आली होती. गुडघा शेकलेला नव्हता. पाय लाकडासारखा ताठ, पाऊल टाकताना ती ओठ आवळत होती, खांद्यावर फावडं. पाण्याची धार पाटात पडून पुढे सरकायला लागली होती. त्यानं फावडं घ्यायला हात पुढे केला.

तिनं दिलं नाही. पाटाच्या कडेला वाकून तिनं पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं आणि पाणी पिकात शिरताना बघत उभी राहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "दिवसा दिसतं मला."